राजा नसलेले किरगीझ कारभार कसा चालवायचे?

दादरकर_७७: काल विरार फास्टमध्ये लटकत मध्य आशियावर वाचत होतो. कझाकांकडे चंगीझखानाच्या वंशातले खान होते पण शेजारच्या किरगीझांकडे तसं राजघराणंच नव्हतं म्हणे. मग कोकंदवाले (फरगाना खोऱ्यातलं खानांचं राज्य) आणि रशियन यायच्या आधी भांडणं कोण मिटवायचं? की सगळा आनंदीआनंद?

परळचा_बाळ्या: आनंदीआनंद कसला रे, आपली भावकी समज, फक्त घोड्यावरची. सात पिढ्यांचे बापजादे तोंडपाठ पाहिजेत, त्यावरून कोण कुणातला ते ठरणार. कुळांच्या वर टोळ्या, सारीबागीश, बुगू, सोल्तो, सायाक वगैरे, आणि टोळ्यांचे परत उजवं अंग, डावं अंग असे गट, दक्षिणेकडचे इचकिलिक वेगळेच. निवाडा करणारा तो 'बी' (पेरायचं बी नव्हे 😄), तो रूढीप्रमाणे न्याय देणार. खून झाला तर 'कुन' म्हणजे जनावरं मोजून भरपाई, आणि ती एकट्या खुन्याने नाही तर त्याच्या सगळ्या नातलगांनी मिळून भरायची, त्यामुळे घरातल्या वाया गेलेल्या पोराला काका-मामाच आवरणार ना!

ठाणे_लोकल: @बाळ्या भावकी बरोबर, पण फार गोड करून सांगतोयस. उत्तरेत 'मनाप' नावाचे सरदार होते, गादी बापाकडून पोराकडे, आणि गरिबांची मेंढरं कुठे चरणार ते त्यांच्या मर्जीवर. बी नावाजला जायचा तो त्याच्या निवाड्यावर, मनापाच्या मागे मात्र हत्यारबंद माणसं. एकमेकांचे घोडे पळवणं तर चालूच.

परळचा_बाळ्या: मान्य. पण फौज-तिजोरी असलेलं राज्य नव्हतंच ना?

ठाणे_लोकल: नव्हतं, आणि करायला गेले तेव्हा फसलं. कोकंदने १८२५ मध्ये पिश्पेकला किल्ला बांधला, तेच आजचं बिश्केक, किरगिझस्तानची राजधानी. पुढे १८४० च्या दशकात सारीबागीशांचा मनाप ओर्मोन याला उत्तरेतल्या टोळ्यांनी खान केलं. कझाकांचा केनेसरी खान चालून आला तेव्हा १८४७ मध्ये त्याला किरगीझांनीच संपवला. पण मग ओर्मोन बुगूंशीच भिडला आणि त्यातच मेला. बुगूंनी १८५५ मध्ये रशियाची निष्ठा पत्करली, म्हणजे सख्ख्या शेजाऱ्यापेक्षा लांबचा झार बरा वाटला त्यांना.

दादरकर_७७: आमच्या गावी बांधावरून हेच चालू आहे, फक्त झारच्या जागी तहसीलदार 🙏