मदत हवी आहे : पाजताना जीव जातो, वरचं दूध सुरू करू का?

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माहेरी आहे. लेक 13 दिवसांची. उजव्या बाजूला चिरा पडल्या आहेत, तिनं तोंड लावलं की डोळ्यांत पाणी येतं. डाव्या बाजूला दूध दाटून गाठ झाली आहे. ताप मात्र नाही.

आशाताईंनी सांगितलं की नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. दिवसा जमतं, रात्री झोपेत सुटतं. लघवी दिवसातून सात-आठ वेळा होते, म्हणजे पोट भरत असावं ना?

सासूबाई फोनवर म्हणतात, घुटी द्या. माय म्हणते, सोस, सगळ्यांनीच सोसलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध चांगलं, हे मला ठाऊक आहे आणि मला पाजायचंच आहे. पण चिरा भरेपर्यंत रात्री एकदा डब्याचं दूध दिलं तर मी वाईट आई ठरते का? हे मला ठरवू द्या, एवढंच घरच्यांना सांगायचं आहे.

कोणी हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं पाजलं आहे का? त्यानं चिरांना आराम पडला का? आडवं झोपून कसं पाजता? गाठ कशी मोकळी झाली?