गाडीला जागा सक्तीची, माणसाला का नाही? सोलापुरात रात्रनिवारा वस्तीत असावा की गावाबाहेर

विजापूररोडकर

आमच्या सोसायटीला लागून पालिकेची मोकळी जागा आहे. सकाळी भाजीच्या हातगाड्या, रात्री आम्हा रहिवाशांच्या गाड्या, असा तिचा वापर. हिवाळ्यापुरता तिथं बेघरांसाठी पत्र्याचा तात्पुरता रात्रनिवारा करावा, अशी सूचना आली आणि सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की हा निवासी झोन आहे, इथं असलं चालत नाही, आणि आमच्या गाड्या मग कुठं लावायच्या? मला ते पटलं नाही.

डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे. तिच्यात घराच्या चटईक्षेत्रानुसार किती चारचाकी, किती दुचाकी याचा तक्ता आहे. तेवढं पार्किंग दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. एका चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. ही जागा एफएसआयमध्येही, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम करता येतं त्या हिशेबातही, धरत नाहीत. थोडक्यात गाडी उभी राहावी म्हणून सरकारनं सक्तीही केली आणि सवलतही दिली. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, रस्त्यावर गाड्या लागल्या की काय होतं ते आपण रोज भोगतो.

आता दुसरा आकडा बघा. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याचा निकष होता, एका माणसाला निदान 50 चौरस फूट, म्हणजे साधारण 4.65 चौरस मीटर. एका गाडीच्या जागेत दोन माणसं झोपून वर जागा उरते. त्याच निकषात दर एक लाख लोकसंख्येला एक निवारा सांगितला होता. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं नऊ निवारे हवेत, आणि त्यानंतर शहर वाढलंच आहे.

नव्या वसाहतीचा लेआउट मंजूर करताना पार्किंग तपासतात, मोकळी जागा तपासतात. मग स्टेशन, एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटल आणि मार्केट यार्डाभोवतीच्या पालिकेच्या जागांवर रात्रनिवाऱ्याचं आरक्षण का टाकत नाहीत? आणि ते होईपर्यंत पार्किंगच्या जागांचा काही भाग हिवाळ्यात आणि पावसाळ्यात त्यासाठी का वापरू नये?

शेळगीचा रहिवासी

काय बोलायलाव ओ मालक. वीस वर्षांचं कर्ज काढून फ्लॅट घेतलाय. बिल्डरनं नकाशात दाखवलेल्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, आज गोडाऊन आहे. पालिकेकडं तक्रार केली, कोणी आलं नाही. म्हणून आमच्या गाड्या बाहेरच्या मोकळ्या जागेत लागतात. अशी जागाही निवाऱ्याला घेतली तर गाड्या गल्लीत येणार. आमची गल्ली एवढी अरुंद आहे की दोन्हीकडं गाड्या लागल्या की अग्निशमनचा बंब वळत नाही. हे काही श्रीमंताचं रडगाणं नव्हे. इथं रेडिमेडच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायका दुचाकीवर रात्री परत येतात, त्यांनी गाडी कुठं लावायची आणि अंधारातून किती लांब चालायचं?

दुसरं, आपल्याकडं तात्पुरतं काहीच नसतंय. पत्रा एकदा उभा राहिला की तो हलत नाही. पहिल्या वर्षी संस्था असते, वॉचमन असतो. तिसऱ्या वर्षी संस्थेचं बिल थकतं, वॉचमन जातो आणि कुलूप तोडून कोण आत बसतं ते आम्हाला बघायला लागतंय. तिसरं, पाणी. आम्हालाच रोज पाणी येत नाही. पन्नास माणसांच्या आंघोळीचं, संडासचं पाणी कुठून आणणार? निवारा पाहिजे, हे मला मान्य आहे. पण घरांच्या मध्ये नको.

सिव्हिलची सिस्टर

'घरांच्या मध्ये नको' म्हणणाऱ्यांना मला सांगायचंय, की ही माणसं कोण आहेत ते आधी बघा. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, उमरगा, पलीकडं कर्नाटकातल्या इंडी, आळंद इथून रुग्ण येतात. रुग्णाला वॉर्डात खाट मिळते, सोबतच्याला मिळत नाही. लॉजचं भाडं परवडत नाही, म्हणून तो व्हरांड्यात, झाडाखाली, दुकानाच्या पायरीवर पडतो. आठ-दहा दिवस तो बेघरच असतो. मग पायाला प्लास्टर घालून ज्यांना सुट्टी मिळते आणि न्यायला कोणीच येत नाही असे म्हातारे. कोणाला कन्नड येतं, कोणाला तेलुगू, मराठीत पत्ता सांगता येत नाही. त्यांना पाच किलोमीटरवरच्या निवाऱ्याचा काय उपयोग? ड्रेसिंगला एक दिवसाआड यायचं असतं. रिक्षाचे पैसे असते तर ते रस्त्यावर झोपलेच नसते.

निवारा चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर तो रिकामा राहतो. मग आकडे दाखवून सांगतात की बेघर लोक येतच नाहीत, गरजच नाही. ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

नवी पेठेतला दुकानदार

मी धंदा करतो, म्हणून माझं ऐकायला कडू लागेल. नवी पेठेत गिऱ्हाईक गाडी लावायला जागा मिळाली नाही की सरळ मॉलकडं वळतंय. पार्किंगसाठी आरक्षित जागा निवाऱ्याला दिली तर पेठेचं नुकसान ठरलेलंच. बंद पडलेल्या मिलच्या जागा बघा, कुंभारीकडं बघा. तिथल्या रे नगर वसाहतीत जानेवारी 2024 मध्ये 15 हजार घरं कामगारांना दिली की नाही? शहराबाहेर जागा आहे, तिथं मोठं, नीट, पक्कं काहीतरी करा. शहराच्या पोटात पत्र्याची शेड कशाला?

विजापूररोडकर

रे नगर मोठंच काम आहे, पण ती विडी कामगारांची, यंत्रमागावरच्या माणसांची, असंघटित मजुरांची हक्काची घरं आहेत. तिथं राहणाऱ्याकडं कागद आहे, कुटुंब आहे. मी म्हणतोय तो माणूस सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो, हमाली करतो, संध्याकाळी त्याच्याकडं कधी दोनशे रुपये असतात, कधी नसतात. त्याला कुंभारीला पाठवलं तर सकाळचं काम जातं. 1985 साली मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच ओळखलं होतं. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो ओळखला जातो. माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथून जवळ आहे, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं त्यात म्हटलं.

मिलच्या जागांचं म्हणाल तर त्यांच्या मालकीचे, देण्यांचे गुंते आहेत. ते सुटेपर्यंत किती हिवाळे थांबायचं?

आर्किटेक्ट ताई

दोन्ही बाजूंनी 'झोन' हा शब्द वापरला जातोय म्हणून थोडं नियमाचं सांगते. निवासी झोन म्हणजे फक्त घरं, असं कुठंच नाही. शाळा, दवाखाना, वसतिगृह, हे सगळं रस्त्याच्या रुंदीच्या अटींवर निवासी भागात येतं. वसतिगृहात मुलं राहिलेली चालतात, तर देखरेखीखालचा निवारा तत्त्वतः चालू नये असं काहीच कारण नाही. मात्र विकास आराखड्यात जागेवर पार्किंगचं आरक्षण असेल तर ते आयुक्तांच्या एका पत्रानं बदलता येत नाही. 1966 च्या नगररचना कायद्यातलं कलम 37 लागतं, म्हणजे सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवायच्या आणि मग शासनाची मंजुरी. घाईनं शेड टाकली तर कोणीही न्यायालयात जाऊन ती पाडून घेईल आणि भुर्दंड आत झोपलेल्यांना पडेल. म्हणून 'आधी टाकू, मग बघू' याला माझा विरोध आहे.

शेळगीच्या दादांना एक सांगते. स्टिल्ट पार्किंग ही सोसायटीची सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. तुमच्या गोडाऊनविरुद्ध सोसायटीचा ठराव करून, मंजूर नकाशा जोडून लेखी तक्रार द्या. ज्या इमारतींनी स्वतःचं पार्किंग बंद करून टाकलंय, त्यांच्या गाड्यांसाठी पालिकेची जागा कायमची राखून ठेवायची हे मला न्याय्य वाटत नाही. आधी तो हिशेब व्हावा.

शेळगीचा रहिवासी

ताई, निकाल आम्हाला माहीत आहे. वकिलाची फी पण माहीत आहे. अंमलबजावणी कोण करणार, ते सांगा. जी पालिका गोडाऊन हटवत नाही ती निवारा नीट चालवेल, हा भरवसा मी कशाच्या जोरावर ठेवू?

पूर्व भागातला

मला तर शेळगीच्या दादांचं निम्मं पटतंय, निम्मं नाही. तात्पुरतं आपल्याला जमत नाही म्हणता, तर दरवर्षी जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतोच की. होम मैदानावर पाळणे, दुकानं उभी राहतात, तिकडची वाहतूक वळवतात, आणि यात्रा उठली की मैदान मोकळं होतं. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते, तेव्हा शेकडो अनोळखी माणसांची जेवणाखाण्याची, झोपायची सोय आपलेच लोक करतात. तेव्हा कोणी निवासी झोनचा नियम काढत नाही.

शेळगीचा रहिवासी

पालखीचं उदाहरण देऊ नका भाऊ. वारकरी एक-दोन रात्री असतात, त्यांच्या दिंडीला प्रमुख असतो, शिस्त असते, पुढच्या मुक्कामाची तारीख ठरलेली असते. गड्डासुद्धा तारखेनं उठतो. मी तेच मागतोय. निवाऱ्याला तारीख कुठं आहे? जबाबदार माणूस कुठं आहे?

सिव्हिलची सिस्टर

तारीख आणि जबाबदार माणूस दोन्ही मागा, तुमचा हक्क आहे. पण मागताना 'इथं नको' हे वाक्य त्यात घालू नका. प्रत्येक भागानं तेवढंच एक वाक्य घातलं की नऊच्या नऊ निवारे कागदावर राहतात.

आणि बायकांची भीती सगळ्यांनी वस्तीतल्या बायकांपुरतीच मांडली. रात्री स्टेशनवर एकटी झोपणारी बाईही बाईच आहे. तिला सगळ्यात जास्त भीती वाटते. बायकांसाठी वेगळा निवारा असेल तर तो उजेडाच्या, माणसांच्या वस्तीतच हवा, ओसाड मिलच्या आवारात नको. यावर मी तडजोड करणार नाही.

विजापूररोडकर

सिस्टरांचं शेवटचं म्हणणं मी पालिकेला द्यायच्या अर्जात पहिलं घालतोय. जागेचं म्हणाल तर सगळी मोकळी जागा मागत नाही. पन्नास माणसांना अडीच हजार चौरस फूट लागतात, संडास-बाथरूम वेगळं धरून त्याहून थोडं जास्त. सोसायटीलगतची जागा याच्या कितीतरी पट आहे. उरलेल्या भागात आखीव रेषा मारून गाड्या लावल्या तर आता वेड्यावाकड्या लागतात त्यापेक्षा फार कमी बसणार नाहीत. बंबासाठी रस्ता मोकळा ठेवण्याची अट लेखी घालू.

शेळगीचा रहिवासी

घाला. त्यात एवढंही घाला. पाण्याचं कनेक्शन आणि ड्रेनेज जोडल्याशिवाय एकही माणूस आत घ्यायचा नाही. चालवणाऱ्या संस्थेशी केलेल्या करारात मुदतीची तारीख असावी आणि तो करार आम्हा रहिवाशांना वाचायला मिळावा. रात्रपाळीच्या माणसाचा नंबर फाटकावर लावावा. आणि आमच्या स्टिल्टमधलं गोडाऊन त्याच महिन्यात हटवावं. हे चारही लेखी आलं तर मी हरकत मागं घेईन असं नाही, पण आमच्या सोसायटीच्या बैठकीत तुमच्या विरोधात बोलणार नाही. नुसतं तोंडी सांगितलं तर हरकतीवर पहिली सही माझी.