मोह समोर आला की त्या क्षणी नेमकं काय करायचं?

नगरवाचक:
ईस्टरआधीच्या उपवासकाळात मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मोह या विषयावर सहा बैठका घ्यायच्या आहेत. मुलं-मुली १८ ते २५ वयाची. त्यांचे मोह रोजचे आहेत: रात्री अंथरुणात पडून फोनवर खरेदी, हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाइल, दुसऱ्याची गाडी-पगार बघून होणारी जळजळ. ‘प्रार्थना करा, वचन वाचा’ हे सगळ्यांना पाठ आहे. फोन हातात असताना काय करायचं, हे पायरीपायरीने शिकवायचं आहे. शिवाय प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ म्हणतो, मग देवच मोहात घालतो का, असा प्रश्न हमखास येतो. त्याला काय उत्तर द्यावं?

ओवीशोधक:
शेवटचं आधी. तिथला ग्रीक शब्द ‘पैरास्मोस’. त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. देव कोणाला मोहात घालत नाही, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:१३) स्वच्छ आहे. त्यापुढच्या दोन ओव्यांवर (वचनांवर) पहिली अख्खी बैठक घ्या. माणसाला त्याची स्वतःची वासना ओढते आणि भुलवते. यातलं दुसरं क्रियापद आमिष लावण्याचं आहे. मग वासना गर्भ धरते, पापाला जन्म देते, आणि वाढलेलं पाप मरणाला. म्हणजे यात टप्पे आहेत, आणि आमिष दिसणं हे अजून पाप नाही. बहुतेक मुलं इथेच हरतात. विचार आला म्हणजे पाप झालंच, असं धरून पुढचं सगळं होऊ देतात.

दुसऱ्या बैठकीत १ योहान २:१६ घ्या: देहाची वासना, डोळ्यांची वासना, संसाराविषयीची फुशारकी. प्रत्येकाने आपला मोह यांपैकी कोणता ते ओळखायचं. हप्त्यावरचा मोबाइल वरून डोळ्यांची वासना वाटतो, पण पुष्कळदा ती फुशारकी असते. दुकानाचं ॲप काढून टाकल्याने फुशारकी जात नाही.

आता त्या क्षणाचं. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मोह घालतो. तिथे येशूने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. प्रत्येक उत्तर एका वाक्याचं. इजिप्तच्या वाळवंटातला साधू एवाग्रियस, मृत्यू ३९९, याने हाच धागा धरून मोहाच्या विचारांचे आठ प्रकार केले आणि प्रत्येकाला उत्तर म्हणून शास्त्रातली वचनं जुळवून ठेवली. मुलांकडून हे करून घ्या:

एका मोहासाठी एकच ओवी निवडा. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या कागदावर हाताने लिहा. मोह नसताना, सकाळी, आठवडाभर मोठ्याने म्हणून पाठ करा. विचार आला की लगेच, ओठ हलतील एवढ्या आवाजात म्हणा, आणि जागेवरून उठा. अन्नपाण्याच्या आणि खरेदीच्या हावेला अनुवाद ८:३ चपखल बसते: मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही.

दोन ठिकाणी चुकतं. एक, विचाराशी वाद घालत बसणं. उत्पत्ति ३ मध्ये हव्वा सर्पाशी चर्चा करते आणि ‘स्पर्श करू नका’ हे देवाने न सांगितलेलं कलम स्वतःच जोडते. वाद लांबला की आमिष जवळ येतं. दोन, वचन मंत्रासारखं वापरणं. येशूला मोह घालताना सैतानानेही स्तोत्र ९१ मधल्या ओव्या सांगितल्या होत्या. शब्दांमागे देवावर टाकलेला भार नसेल तर ओवी नुसता आवाज राहते.

वसईवाला:
कॅथलिक बाजूने एक साधन देतो, पण ते कोणत्याही मंडळीला चालेल. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यातली ही ‘विशेष तपासणी’.

एका वेळी एकच दोष घ्यायचा. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी दोन-दोन रेघा आखायच्या. सकाळी उठताच ठरवायचं की आज या दोषापासून जपायचं. दुपारच्या जेवणानंतर, उठल्यापासून तास-तास मागे बघत, जितक्या वेळा पडलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर. रात्रीच्या जेवणानंतर तसंच दुसऱ्या रेघेवर. मग तुलना: दुसरी रेघ पहिलीशी, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी. आणि पडल्या क्षणी छातीवर हात ठेवून मनात पश्चात्ताप करायचा. चार लोकांतही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पहिल्या शनिवारपर्यंत ४ दिवस, पुढे सहा आठवडे रविवार सोडून ३६, असे ४० होतात. पण तपासणीला रविवारची सुट्टी देऊ नका. उपवास रविवारी सुटतो, मोह नाही सुटत.

नगरवाचक:
ठिपके वाढतच गेले तर मुलं खचतील. शिवाय कागद एकमेकांना दाखवायचा का?

वसईवाला:
पहिल्या आठवड्यात ठिपके वाढले तर घाबरू नका. आधी जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलेलं असतं. कागद गटात दाखवायचा नाही. दाखवला की चढाओढ लागते, म्हणजे पुन्हा फुशारकीच. पण एका माणसाला सांगायचं जरूर: पापनिवेदनात धर्मगुरूला, किंवा पाळकांना, किंवा विश्वासातल्या वडीलधाऱ्याला. इग्नेशियस म्हणतात की वैरी, म्हणजे सैतान, गडाभोवती फिरून कच्ची बाजू हेरणाऱ्या सेनापतीसारखा असतो, आणि त्याला गुप्तता हवी असते. गोष्ट उघडी झाली की त्याचा डाव फसतो.

जो मुळातच अति पापभिरू आहे, तासातासाला स्वतःला दोषी धरतो, त्याला मात्र हा तक्ता देऊ नका. त्याचा कागदच त्याला छळेल. त्याने रात्री एकदाच, देवाचे आभार मानण्यापासून सुरू करून, दहा मिनिटं दिवस आठवावा.

मन कोरडं पडलं, प्रार्थनेत जीव लागेना, तर ठरवलेला वेळ कमी करायचा नाही. उलट किंचित वाढवायचा. दहा मिनिटं ठरली असतील तर अकरा.

मळेकरी:
वर सगळं बरोबर आहे, पण एक फरक शिकवा: कशापासून पळायचं आणि कशाला तोंड द्यायचं. याकोब ४:७ सैतानाला अडवा म्हणते. १ करिंथ ६:१८ जारकर्मापासून पळा म्हणते. उत्पत्ति ३९ मध्ये योसेफ मोहात पाडणाऱ्या पोटीफरच्या बायकोच्या हाती वस्त्र टाकून पळाला. देहाच्या मोहापुढे थांबून ओवी आठवत बसू नये. आधी खोली सोडा, मग ओवी म्हणा. फोनचंही तसंच: रात्री तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ, कार्डाचा नंबर ॲपमधून काढलेला, आणि कार्टमध्ये टाकलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घ्यायची नाही.

आणि सोडलेल्या वेळात काय भरायचं ते आधीच ठरवा. मत्तय १२:४३-४५ मध्ये घर झाडून रिकामं ठेवलं, तर अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परतला. उपवासकाळ संपल्यावर मुलं दुप्पट वेगाने जुन्या सवयीवर जातात ती याचमुळे. रात्रीचा तो अर्धा तास कुणाला तरी द्या: आजारी माणसाला फोन, धाकट्या भावंडाचा अभ्यास. वाचलेले पैसे हप्त्याच्या तारखेलाच दानपेटीत.

जुगाराचं किंवा दारूचं व्यसन असेल तर तक्ता आणि ओवीवर सोडू नका. पाळकांसोबत डॉक्टरकडेही न्या, त्याच आठवड्यात.