मदत हवी आहे: आठवीतल्या मुलीचे हायस्कूलचे कोर्स कसे निवडायचे?

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगी आठवीत आहे आणि शाळेकडून नववीचे कोर्स निवडायचा फॉर्म आलाय. आम्ही दोघं भारतात शिकलो, तिथे दहावीपर्यंत विषय ठरलेलेच, त्यामुळे हे सगळं आमच्यासाठी नवीन आहे.

मुख्य प्रश्न गणिताचा. आत्ता तिचं आल्जिब्रा वन चालू आहे, म्हणजे नववीत जिऑमेट्री, मग आल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा रस्ता दिसतोय. टीचर म्हणतात ऑनर्स (म्हणजे जास्त अवघड लेव्हलची) जिऑमेट्री झेपेल, पण ती म्हणते ऑनर्स घेतलं तर ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसला वेळ उरणार नाही आणि व्हायोलिन तिला अजिबात सोडायचं नाहीये, मलाही ते सोडायला लावणं बरं वाटत नाही. नववीपासूनचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर (म्हणजे कॉलेजं बघतात त्या ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर) जातात म्हणून जास्तच टेन्शन येतं. नववीत रेग्युलर घेऊन दहावीत ऑनर्सला जाता येतं का, तुमच्यापैकी कोणाच्या मुलांनी असं केलंय का?

दुसरं म्हणजे स्पॅनिश. बऱ्याच कॉलेजांना एकाच भाषेची किमान 2 वर्षं लागतात, मग तीच पुढे चालू ठेवू की तिला हवी तशी फ्रेंच नव्याने सुरू करू देऊ?

काउन्सेलरची भेट ठरली आहे, तिथे नक्की काय काय विचारायचं तेही सांगा प्लीज. आणि ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांनी मुलांनाच विचारून कळवलं तर फार बरं होईल, उन्हाळ्याच्या सुट्टीत कशाची तयारी केल्याचा त्यांना खरंच उपयोग झाला?