थंडीत सायकलने कामावर जाणाऱ्यांनो, इकडे या (अनुभव धागा)

गारठलेली_घंटा

सकाळी खिडकीत उभी होते तर खालून एक सायकल गेली, स्टडवाले टायर, म्हणजे बर्फावर पकड यावी म्हणून खिळे बसवलेले. रस्ता कोरडा होता त्यामुळे ते बारीक खिळे डांबरावर पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजत होते, आणि मला एकदम जुनी नोकरी आठवली. सकाळची शिफ्ट, बाहेर मिट्ट अंधार, घरातले सगळे झोपलेले आणि मी दारात बसून पायमोज्यांवर पायमोजे चढवतेय. आता काम घरूनच, त्यामुळे सायकल भिंतीला टेकून आहे आणि मी धागे काढतेय.

तेव्हा प्रत्येक जण एकच विचारायचा, थंडी नाही का वाजत? अहो थंडी वाजते ती पहिली दहा मिनिटं, नंतर त्रास देतो तो घाम. घरातून निघताना छान उबदार वाटत असेल तर समजायचं की कपडे जास्त झालेत, अर्ध्या रस्त्यात पाठ भिजणार आणि मग सिग्नलला थांबलं की तोच घाम बर्फासारखा गार पडणार. थोडी हुडहुडी भरेल इतपतच घालून निघायचं. चढ आला की चढाच्या आधी जॅकेटची चेन खाली ओढायची, उतार लागायच्या आधी गळ्यापर्यंत वर. कोपरा वळल्यावर नाही, आधी. एवढं जमलं की निम्मा हिवाळा जिंकला.

आणि ते बोटं जागी होणं! ऑफिसात पोचून हात धुवायला जावं तर नळाचं गार पाणी चक्क कोमट लागायचं, मग मिनिटभराने नखांच्या खालून अशी कळ यायची की बेसिन धरून उभी राहायचे. शेजारी कुणी असलं तर हसून म्हणायचं, काही नाही, सायकलने आले.

तुमचे अनुभव लिहा. न जाणाऱ्यांनी पण लिहा, चालेल.

अर्धा_पंक्चर

घामाला +१. सुती बनियन घालून जाणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार. घाम पितं आणि दिवसभर अंगाला चिकटून बसतं, लोकर निदान ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. मोबाईलवरून लिहितोय, मीटिंग चालू आहे, नंतर येतो.

बसवाला_बंड्या

मी बसने जातो. वाचायला आलोय. बसच्या काचेतून तुम्हा लोकांकडे बघून फार बरं वाटतं एवढंच सांगतो.

चेनगार्ड

@बंड्या बस निघून गेल्यावर मागे आम्हीच दिसतो की.

हवेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरात २० डिग्रीला टायरमध्ये ६० पीएसआय दाबाने हवा भरून सायकल उणे १० मध्ये नेली की काही न होता ५२-५३ वर येते, पंक्चर शोधत बसू नका. हवा आकसते, बाकी काही नाही. आणि निसरड्यावर तसंही थोडं कमीच बरं, टायर जरा पसरतो आणि पकड मिळते, मी तर पंप काढतच नाही त्या दिवसात. फक्त टायरवर लिहिलेल्या कमीत कमी आकड्याच्या खाली जायचं नाही, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटते.

स्टडचं म्हणाल तर नवीन टायर लावला की पहिले ५० एक किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सावकाश चालवायचा, जोरात ब्रेक नाही, जोरात वळणं नाही, म्हणजे खिळे नीट बसतात. आणि टंगस्टन कार्बाइडचे घ्या, साधे स्टीलचे डांबरावर भराभर झिजतात. दोनपैकी एकच घ्यायची ऐपत असेल तर पुढच्या चाकाला लावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण आधीच खाली.

रिकामे_पॅडल

चेनगार्ड दादांनी अगदी मनातलं लिहिलं. माझी गंमत फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकातला तो भाग ज्यामुळे पाय थांबले तरी चाक फिरत राहतं. एक दिवस ऑफिस सुटल्यावर कुलूप काढलं, बसले, पॅडल मारलं तर पाय गरागरा फिरतायत आणि सायकल जागची हलत नाही! चेन जागेवर, सगळं जागेवर. आतलं ग्रीस थंडीने घट्ट झालं की ते छोटे खटके दात पकडतच नाहीत. मग काय, लहान मुलं स्कूटर ढकलतात तशी एका पायाने ढकलत ढकलत निघाले आणि मागून एक आजोबा चालत माझ्या पुढे गेले. वर म्हणाले, चालत ये पोरी, लवकर पोचशील. नंतर मेकॅनिकने आतलं जाड ग्रीस काढून पातळ ऑइल घातलं, परत तसं झालं नाही.

गारठलेली_घंटा

@रिकामे_पॅडल आजोबा 😂😂

धुक्यातला_मी

आमच्याकडे बर्फबिर्फ नाही पण थंडी आहे आणि धुकं आहे, चालेल ना? धुक्यात चष्म्याचं काय करायचं सांगा कुणीतरी. तोंडावर बफ (गळ्यात घालायचं ते नळीसारखं कापड) घेतला की श्वास वरून थेट काचेवर, बफ काढला की नाक गळायला लागतं. मी नाकाखालून घेतो आता, दिसतो विचित्र पण दिसतं तरी. शिवाय धुक्यात फुल पॉवरचा पुढचा दिवा काही कामाचा नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते, बीम खाली रस्त्याकडे वळवावा लागतो. मागचा लाल मात्र दिवसासुद्धा चालू ठेवतो.

अजून एक, धुक्यापेक्षा मला ऊन जास्त डेंजर वाटतं. हिवाळ्यात सूर्य वर चढतच नाही, ऑफिसला जाताना नेमका डोळ्याच्या रेषेत. मला दिसत नाही हे ठीक आहे, मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यात ऊन असतं तेव्हा त्याला मी दिसत नाही. आपली सावली पुढे लांब पडलेली असली की समजायचं समोरून येणाऱ्याला आपण दिसत नाही आहोत. तेव्हा डावीउजवीकडून कुणी वळणार असेल तर मी सरळ थांबतो.

लोकरीचा_गुंडा

काचेला आतून साबणाचं बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसा, धुकं कमी बसतं. थांबलं की बसतंच, चालू असताना वाऱ्याने जातं.

माझी बोटं पांढरी पडतात हो. म्हणजे खरोखर पांढरी, मेणाची असल्यासारखी, मग निळी, मग लाल. डॉक्टर म्हणाले रेनॉड, थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या जरुरीपेक्षा जास्त आवळतात. हातमोज्यांवर हातमोजे घातले तर उलट आणखी वाईट, घट्ट झाले की रक्त फिरतच नाही. शेवटी हँडललाच बसतात ते मोठे पिशवीसारखे कव्हर घेतले, आत साधे पातळ मोजे. ब्रेक पण नीट दाबता येतो. मुलगा म्हणतो आई तुझ्या सायकलला हत्तीचे कान आलेत. येऊ देत.

चेनगार्ड

@लोकरीचा_गुंडा ताई काळजी घ्या. पायाला पण तोच नियम, दोन पायमोजे घालून बूट घट्ट होत असेल तर एकच घाला. आणि क्लीटवाले, म्हणजे पॅडलला अडकणारे बूट हिवाळ्यात ठेवून द्या, खालची धातूची पट्टी सगळी थंडी तळव्यात आणते.

अर्धा_पंक्चर

आलो. मीटिंग संपली, काही ठरलं नाही.

वाऱ्याचं सांगायचं होतं. बाहेर शून्य डिग्री असताना ताशी २० ने सायकल मारली, वारा अजिबात नसला तरी, अंगाला उणे ५ लागतं. उणे १० ला तेच उणे १८. म्हणून अॅपमधला आकडा बघून कपडे ठरवणारे फसतात. छातीला वारा लागतो, पाठीला नाही, त्यामुळे पुढून वारा अडवणारं आणि मागून हवा जाणारं जॅकेट बेस्ट. ते नसेल तर वर्तमानपत्र शर्टाच्या आत, छातीवर. जुने रेसवाले घाट उतरताना हेच करायचे. मी अजून करतो. ऑफिसात काढून वाचतो पण.

बसवाला_बंड्या

मी बसमध्ये न चुरगळलेला वाचतो.

उशिरा_निघालेली

पुलांबद्दल लिहा रे कुणीतरी. बाकी रस्ता ओला असतो आणि पूल आला की काच. पुलाला खालून पण वारा लागतो ना, जमिनीची ऊब नाही, म्हणून तो आधी गोठतो. ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावरचा तो पातळ पारदर्शक बर्फ, दिसत नाहीच, नुसता ओला काळा रस्ता वाटतो. मी एक बघते, पुढच्या गाड्यांच्या चाकातून पाणी उडतंय का. रस्ता चकचकीत ओला दिसतोय आणि पाणी उडत नाहीये, म्हणजे सावध. मग ब्रेक नाही, वळणं नाही, पॅडल पण नाही, हात सैल ठेवून सरळ पार व्हायचं.

आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ! उणे दहाच्या आसपास गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही, पण चेन खायचं काम मात्र कुठल्याही तापमानाला चोख करतं. रोज रात्री फडकं मारते चेनला, घरचे म्हणतात आमच्याकडे पण बघ जरा.

धुक्यातला_मी

म्हणूनच तर फिनलंडमध्ये ओउलू म्हणून शहर आहे, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडंच खाली, तिथे बऱ्याच सायकलवाटांवर मीठ न टाकता बर्फ दाबून सपाट करतात. कडक पांढऱ्या रस्त्यावरून शाळेतली पोरंसुद्धा आरामात जातात. २०१३ मध्ये पहिली हिवाळी सायकल परिषद तिथेच भरली होती. आपण बर्फापेक्षा त्या अर्धवट वितळलेल्या राबड्यानेच जास्त पडतो. दिवसा वितळतो, त्यात चाकांच्या चाकोऱ्या पडतात, रात्री त्या तशाच गोठतात. आमच्याकडे बर्फ नाही पण माहिती आहे बघा 😄

रिकामे_पॅडल

कुलूप गोठलं तर गरम पाणी ओतू नका बरं का. आमच्या ऑफिसात एकाने ओतलं, उघडलं, खूश झाला, संध्याकाळी ते पाणी आतच गोठून बसलं. हात साफ करायचं सॅनिटायझर किल्लीला चोपडून आत घालायचं, त्यात अल्कोहोल असतं, सुटतं.

बॅटरीवाला

ई-सायकल कुणी चालवतं का? थंडीत रेंज बरीच कमी होते, घाबरू नका, ऊब आली की परत येते. बॅटरी काढून ऑफिसात आत न्यायची, निघताना लावायची. आणि शून्याखाली गार पडलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी खोलीत ठेवून नॉर्मलला येऊ द्या, नाहीतर आतून कायमची खराब होते. सायकल मात्र बाहेरच राहू द्या. आत नेली की बर्फ वितळून केबलमध्ये पाणी जातं आणि बाहेर काढली की गियर जाम.

गारठलेली_घंटा

किती छान लिहिताय सगळे. @लोकरीचा_गुंडा ते कव्हर तुम्ही विकत घेतलं की शिवलं?

लोकरीचा_गुंडा

विकतचं, पण आत लोकरीचं अस्तर मी विणलं. हातमोजे विणणं बंद केलंय, दरवर्षी एक हरवतोच. आणि हरवतो तो कायम उजवा, कारण फोन घ्यायला तोच काढतो आपण. घरात नुसते डावे साठलेत.

अर्धा_पंक्चर

ताई मी डावखुरा आहे. माझ्याकडे सगळे उजवे उरलेत.

लोकरीचा_गुंडा

रंग कुठले आहेत?

बसवाला_बंड्या

जमलं बघा. कुठे भेटताय सांगा, मी बसने येतो.