ज्युडिथ करबद्दल तिसरीतल्या मुलीला किती सांगावं?

मीनल_जुळेसोलापूर:
नमस्कार, लेकीला ज्युडिथ कर यांची वाघ चहाला येतो ती गोष्ट फार आवडते, वाघ नळातलं पाणीसुद्धा संपवतो ते पान आलं की पोट धरून हसते. आता शाळेत आवडत्या लेखकावर बोलायचंय म्हणून नेटवर शोधलं तर ज्युडिथ कर ज्यू, नऊ वर्षांची असताना घरच्यांबरोबर जर्मनी सोडून पळावं लागलेलं. हे एवढ्याशा पोरीला सांगावं का? सासूबाई म्हणतात नको, रात्री घाबरेल.

पार्कचौक_वाचक:
सांगा की ओ ताई. वडील आल्फ्रेड कर बर्लिनचे मोठे नाट्यसमीक्षक, नाझींविरुद्ध उघड लिहायचे. १९३३ ला ते तापाने पडून होते, तेव्हा एका पोलिसानं फोन करून सांगितलं की तुमचा पासपोर्ट जप्त होणारंय, तसेच उठून देशाबाहेर गेले बघा. मागून आई दोन्ही लेकरांना घेऊन स्वित्झर्लंडला, मग पॅरिस, १९३६ ला लंडन. इकडे जर्मनीत नाझींनी वडलांची पुस्तकं जाळली. पण तो फोन करणारा पोलीसही सांगा, पोरांना तो लक्षात राहतो.

चित्रकला_सर:
मी तर चित्रांपासून सुरुवात करीन. घाईत घर सोडताना काय घ्यायचं नि काय टाकायचं, त्यात आईनं पोरीची चित्रं सामानात घेतली! खेळणारी मुलं वगैरे, लहान हातानं काढलेली. ती आज इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या सेव्हन स्टोरीज या बालसाहित्य संस्थेच्या संग्रहात आहेत. मला त्या आईचं फार मोठेपण वाटतं, आपण पोरांचे कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतो. लेकीला विचारा, तू कुठलं चित्र नेशील.

स्नेहा_ग्रंथालय:
एक सांगते, वाघ म्हणजे दारावर येणारे नाझी पोलीस असं काही जण लिहितात, ते भाषणात घालू नका. कर बाईंनी ते मान्य केलं नव्हतं, वाघ हा वाघच. स्वतःच्या मुलीला सांगायची गोष्ट होती ती, पुस्तक १९६८ चं.

मीनल_जुळेसोलापूर:
सगळ्यांचे आभार, चित्रांचं सासूबाईंनाही पटलं. फक्त हिटलरचं नाव घेऊ का नुसतं तिथलं सरकार म्हणू?

पार्कचौक_वाचक:
नाव घ्या. मुलाला आपलं लहानपण खरंखुरं कळावं म्हणून त्यांनी कादंबरी लिहिली, १९७१ ची, तिच्या नावातच हिटलरनं गुलाबी ससा चोरला असं आहे.