सल्ला हवा: सासवडजवळच्या खोल बोअरसाठी लाईट नसतानाही चालेल असा पंप

कात्रजकर
मंडळी, नमस्कार. मी पुण्यात नोकरीला, आई-अण्णा गावी, सासवडच्या पुढे. घरामागे साडेसहा इंची जुनी बोअर आहे, २८० फूट. घेतली तेव्हा दीड इंची पाणी सांगितलं होतं. आत एक एचपीची सबमर्सिबल आहे, ती चांगली चालते. अडचण लाईटची. वळवाच्या वादळात डीपी गेला की दोन-तीन दिवस अंधार, आणि दावणीला दोन गाई, एक म्हैस. मागच्या उन्हाळ्यात अण्णांनी सत्तरी उलटलेली असताना शेजारच्या विहिरीवरून कळशीने पाणी वाहिलं. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

हाताने, वाऱ्याने, इंजिनावर, कशावरही चालणारा पंप चालेल. एका दुकानात सांगितलं की पेट्रोल इंजिनाचा सेल्फ प्रायमिंग, म्हणजे पाइपातली हवा स्वतःच काढणारा पंप वर ठेवा आणि पाइप बोअरमध्ये सोडा. जमेल का?

भोरचा फिटर
नाही जमणार, दादा. वर ठेवलेला कोणताही पंप पाणी स्वतः खेचत नाही, पाइपातली हवा काढतो. पाणी वर ढकलते बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रकाठी तो दाब जेमतेम १०.३ मीटर पाण्याचा खांब तोलतो. पुणे शहर ५६० मीटर उंचीवर, तिथे ९.७ मीटर. सासवड त्याहून उंच. पाइपातलं घर्षण वगैरे धरलं तर हातात ६ मीटर उरतात, म्हणजे २० फूट. इंजिन पाच एचपीचं लावलं तरी हा आकडा हलत नाही. खोल पाण्याला पंपाचा कामाचा भाग पाण्यातच असावा लागतो, मग तो सबमर्सिबल असो की हातपंपाचा सिलिंडर.

आणि २८० फूट ही भोकाची खोली झाली. पाणी किती फुटांवर उभं आहे? पंप त्यावर ठरतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून येतं आणि भेग फुटली की दाबाने बरंच वर चढून उभं राहतं. ३०० फुटी बोअरमध्ये ७० फुटांवर पाणी उभं असलेलं मी कितीदा पाहिलंय. पातळी कळल्याशिवाय कोणी पंप सुचवला तर ऐकू नका, माझंही नाही.

शिरूरची ताई
पातळी मोजायला दोरीला नट बांधून सोडू नका, आत मोटर आहे. दोरी केबलला गुंतली की मोटर उपसायची वेळ येते. आम्ही केलं ते सांगते. बारीक प्लॅस्टिकची नळी, कूलरची असते तशी, मोटरच्या पाइपाशेजारून २०० फूट सोडली. खालच्या टोकाला थोडं वजन, म्हणजे ती वळत नाही, पण तोंड उघडं राहिलं पाहिजे. वरच्या टोकाला तीन तोंडांचा टी जोड लावून एका बाजूला प्रेशर गेज, दुसऱ्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पंपाने हवा भरत राहा. काटा चढतो आणि एका जागी थांबतो, मग कितीही हवा मारा, हलत नाही, कारण खालून बुडबुडे सुटतात. गेजवरचा प्रत्येक एक किलो म्हणजे नळीच्या टोकावर १० मीटर पाणी. नळीच्या लांबीतून ते वजा केलं की पातळी.

पहाटे, मोटर रात्रभर बंद असताना एकदा मोजा. मग तासभर मोटर चालवून पुन्हा मोजा. आणि मोजायचं ते उन्हाळ्यातच. श्रावणातल्या आकड्यावर घेतलेला पंप एप्रिलमध्ये कोरडा पडतो.

भोरचा फिटर
ताईंनी अगदी बरोबर सांगितलं. ‘दीड इंची’बद्दलही सांगतो, कारण त्यात बरेच लोक फसतात. तो इंच व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीचा असतो. ९० अंशांच्या खाचेत एक इंच म्हणजे ताशी ५०० लिटर, दीड इंच म्हणजे १,४००, दोन इंच म्हणजे जवळपास २,९००. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाचपट होतं. तुमची १,४०० ची बोअर आजही हजार देत असेल तर घर आणि गोठा आरामात भागतो.

निवृत्त पाणीपुरवठा
हातपंपाचा विचार करत असाल तर गावात शाळेपाशी असतो तो इंडिया मार्क २ घ्या. बाजारात बिडाचे छोटे पंप मिळतात, ते उथळ पाण्याचे. मार्क २ सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने उभा राहिला, पण त्याचं मूळ आपल्याकडचं आहे, जालना आणि सोलापूरच्या पंपांत. दुष्काळात बोअर घेतल्या गेल्या, वर एका कुटुंबापुरते बिडाचे पंप बसले, आणि अख्ख्या गावाने दांडा मारल्यावर ते मोडायला लागले. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला वर्तुळाचा तुकडा आणि त्यावरून साखळी घेतली. त्यामुळे खालच्या दट्ट्याला (पिस्टनला) जोडलेला रॉड सरळ रेषेत वर-खाली होतो, सिलिंडरला आडवा ताण बसत नाही. आजही मार्क २ ची डोक्यावरची पेटी उघडलीत तर ग्रीस लावलेली तीच साखळी दिसेल.

नेहमीचा मार्क २ पाण्याची पातळी साधारण ४५ मीटरपर्यंत, म्हणजे १५० फूट असेल तर चालतो. त्याखाली जायचं तर जादा खोलीचा प्रकार येतो, त्याच्या दांड्याला वेगळी वजनं असतात. मार्क ३ मध्ये उभा पाइप रुंद असतो, त्यामुळे पाइप न काढता वरूनच दट्ट्या बाहेर येतो आणि वायसर बदलता येतो. पण तो पाइप जड आणि महाग, शिवाय तुमच्या बोअरमध्ये आधीच मोटर आहे.

कात्रजकर
ताई, तुमच्या पद्धतीने शनिवार-रविवारी गावी जाऊन मोजलं. नळी २०० फूट. पहाटे काटा २.१ वर थांबला, तास मोटर चालवल्यावर १.७ वर. म्हणजे उभी पातळी १३० फूट, उपसा चालू असताना १४५. बरोबर ना? मग मार्क २ बसतो. आई-अण्णांना दांडा झेपेल का?

निवृत्त पाणीपुरवठा
गणित बरोबर. आता दांड्याचं. मार्क २ चा सिलिंडर ६३.५ मिमीचा. १३० फूट म्हणजे ४० मीटर, तेवढ्या पाण्याचा दट्ट्यावरचा भार साधारण १२७ किलो. दांड्याची पट आठ, म्हणजे हाताला १६ किलो. रॉडचं वजन वेगळं, पण दांडा भरीव लोखंडाचा असतो, तो ते बरंचसं तोलून धरतो.

हे १६ किलो एकदा दाबणं अवघड नाही. अवघड आहे ते मिनिटाला चाळीस वेळा. त्या वेगाने १२ लिटर येतात आणि ४० मीटरवरून मिनिटाला १२ लिटर उचलायला नुसत्या पाण्यासाठी ७८ वॅट लागतात. धडधाकट तरुण सलग देऊ शकतो ती ताकद साधारण तेवढीच. अण्णांनी निम्म्या वेगाने मारला तर घागर भरायला तीन मिनिटं. प्यायचं, स्वयंपाकाचं भागेल. एक म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पिते, तीन जनावरांचं पाणी त्यांच्या खांद्यावर टाकू नका. सुटीला तुम्ही गेलात तर तुम्ही मारा.

मुळशी सौर
पवनचक्कीचा विचार सोडा. वादळाआधीच्या उकाड्यात पानही हलत नाही, आणि पाणी नेमकं तेव्हा हवं असतं. कॉम्प्रेसर पंप, म्हणजे खाली हवा सोडून पाणी वर आणणारा, बोअर वाकडी किंवा गाळाची असेल तर चांगला, आत फिरणारा भाग नसतो. पण पाइपाचा अर्धाअधिक भाग पाण्यात बुडालेला लागतो आणि डिझेल खूप जातं. तुमच्याकडे ते कारण नाही.

लाईट साठवण्यापेक्षा पाणी साठवा. हजार लिटर पाणी ४५ मीटर आणि वर टाकीचे ५ मीटर चढवायला तुमच्या मोटरीला साधारण पाव ते अर्धा युनिट लागतं. दोन हजार लिटरच्या दोन टाक्या चौथऱ्यावर ठेवा, वळवाच्या दिवसांत रोज भरलेल्या. तीन-चार दिवस गोठ्यासह निघतात. नंतर जमलं तर छोटा हेलिकल रोटरचा (स्क्रूसारखा फिरणारा) सौर पंप, तो कमी पाण्याच्या खोल बोअरला शोभतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंप ३ एचपीपासून सुरू होतात, ते शेतीसाठी. तुमच्या हजार लिटरच्या बोअरवर ३ एचपी टाकलात तर बोअर दर थोड्या वेळाने कोरडी पडेल.

भोरचा फिटर
माझाही सल्ला हाच. आधी टाक्या, सोबत हातपंप त्याच बोअरमध्ये. सरकारच्या दुहेरी पंप योजनांत हेच करतात. मोटर खाली, २०० फुटांच्या आसपास, आणि सिलिंडर तिच्या वर, १६० फुटांवर. म्हणजे सिलिंडरच्या शेजारून फक्त मोटरचा सव्वा इंची पाइप आणि केबल जाते, साडेसहा इंचात ते बसतं. केसिंग, म्हणजे बोअरमधला आधाराचा पाइप, आतून किती आहे ते मात्र मोजून घ्या, जुन्या बोअरना कधी कधी बारीक घातलेलं असतं.

कात्रजकर
दोन्हीचे पाइप एकमेकांवर घासून केबल कापली जाणार नाही ना? आणि वायसर गावात मिळतील?

भोरचा फिटर
केबल मोटरच्या पाइपाला दर दहा फुटांवर पक्की बांधून घ्या, सैल लोंबू देऊ नका. रॉड हातपंपाच्या पाइपाच्या आत फिरतो, त्यामुळे केबलला फिरता भाग लागत नाही. आधी मोटर काढा, केबलचे जोड तपासा, मग मोटर सोडा आणि शेवटी हातपंप. वायसर नायट्राइल रबराचे मागा, चामड्याचे नको. हार्डवेअरमध्ये नाही मिळाले तर पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकातल्या माणसाला विचारा, ते कुठून आणतात ते सांगतील. एक जोडी जास्तीची घेऊन घरात ठेवा. काम एप्रिलच्या आत उरका, मे लागला की मोटर काढणारे गाडीवाले सापडत नाहीत.